वाघाचं पोट बायांच्या निंदणावर

नागपुरात चार लोक जंगलाबद्दल बोलायला बसले की पाच मिनिटात गाडी वाघावर येते. कोणत्या गेटवर दिसला, किती वेळ दिसला, फोटो आला का. गवताबद्दल कोणी विचारत नाही. पण पेंच असो की ताडोबा, वाघाचं सगळं गणित गवतापासून सुरू होतं आणि गवताचं गणित, खरं सांगू का, निंदणाऱ्या बायांपासून.

हिशोब बघा. एका वाघाला वर्षाला साधारण ५० चितळाएवढे प्राणी लागतात. कळपातले दहा टक्क्यांच्या आसपास गेले तर कळप भरून निघतो असं धरतात, म्हणजे एका वाघामागे ५०० खुरवाले प्राणी पाहिजेत. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, २०१८ ला ३१२ होते. ४४४ गुणिले ५०० करा, सव्वादोन लाखाच्या जवळ जाते. एवढी चितळं, नीलगायी, सांबरं (आपला भाजीत टाकायचा सांबार, म्हणजे कोथिंबीर नाही बाप्पा, जंगलातलं सांबर) पोसायची कशावर?

ताडोबातली नवेगाव, जामणी ही गावं जंगलाबाहेर वसवली, त्यांच्या जागेवर आता कुरणं आहेत. पण शेत मोकळं सोडलं की चांगलं गवत आपोआप येतं असं नाही ना. आधी येतो तरोटा (टाकळा), मग रानतुळस, आणि कडेकडेने रायमुनिया (घाणेरी). तरोटा आपण पहिल्या पावसात कोवळा असताना भाजी करून खातो, पण मोठा झाला की चितळ त्याला फारसं तोंड लावत नाही आणि तो असा दाट माजतो की खालच्या गवताला ऊनच मिळत नाही. त्याचं बी टणक सालीचं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, मग एखादा चांगला पाऊस झाला की उगवतं. म्हणून एकदा उपटून भागत नाही. फुलावर आला की शेंगा वाळायच्या आत मुळासकट काढायचा, आणि हे दरवर्षी, मातीतला बियांचा साठा कमी होईपर्यंत.

मशीन फिरवून होत नाही का? होतं की, पण मशीनला मारवेलचं चांगलं गवत आणि तरोटा सारखाच, दोन्ही कापते. कापलेला तरोटा बुडातून परत फुटतो ते वेगळं. ज्या बाईने जन्मभर कपाशीत निंदण केलं तिला दोन पानांवर असलेलं रोप बघूनच कळतं की हे ठेवायचं आणि हे काढायचं. माझी रामटेककडची मावशी तर न बघता, बोलता बोलता काढत जाते, मी मदतीला गेलो तेव्हा अर्धं गवतच उपटलं होतं!

रायमुनियाची गोष्ट अजून वेगळी. ही अमेरिकेकडची झुडपं, इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणली. वरून तोडली की दुप्पट जोमाने फुटतात, म्हणून जमिनीच्या थोडं खाली, जिथून फुटवे येतात त्याच्याही खालून मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे परत रुजत नाही. हे तंत्र दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबूंनी मांडलं. एकदा दाखवलं की जमतं, पण घाई केली की वाया.

आता एवढं सगळं येणाऱ्या बाईची हजेरीवर नोंद काय, तर मजूर. हे मला पटत नाही. ताडोबात महिला गाईड आहेत, जिप्सी चालवणाऱ्या पण आहेत, चांगलंच आहे, पण कोअरमधली, म्हणजे गाभ्याच्या जंगलातली सफारी जुलै ते सप्टेंबर बंद आणि नेमकं तेव्हाच कुरणात काम असतं. त्याच बायांना मीटरभर चौकट टाकून आत कोणतं गवत किती हे मोजायला शिकवलं, चितळा-सांबरांच्या लेंड्या मोजायला शिकवलं, तर सफारीचा आणि कुरणाचा असे दोन्ही मोसम जुळतात. वाघगणनेतही दोन किलोमीटरच्या रेषेवर दर ४०० मीटरला हेच बघतात.

शिवाय मोहफुलांचा प्रश्न आहे. पहाटे अंधारात मोह वेचायला वाकलेली बाई झुडपातल्या वाघाला चारपायी जनावरासारखी वाटू शकते. हातात पगाराचं काम असलं तर मोहाला ती जाणारच, पण उजाडल्यावर जाईल.

फक्त पैसे वेळेवर पाहिजेत. पोळ्यानंतरचे थोडे आठवडे हातात असतात, तेव्हा मंजुरीच्या कागदात पंधरा दिवस गेले की इकडे शेंगा वाळतात, तडकतात, आणि पुढच्या वर्षीचा तरोटा पेरून मोकळा.