अभिक्रियावेगाचे प्रायोगिक मापन

रासायनिक अभिक्रियेत एकक काळात अभिक्रियाकारकाची संहती (ठरावीक आकारमानातले प्रमाण) किती घटते किंवा उत्पादिताची किती वाढते, हे प्रयोगाने ठरवणे म्हणजे अभिक्रियावेगाचे मापन. वेग थेट दाखवणारे उपकरण नाही. ठरावीक वेळांना संहती, किंवा संहतीबरोबर बदलणारा एखादा गुणधर्म मोजायचा, त्याचा काळाशी आलेख काढायचा आणि आलेखाच्या उतारावरून वेग काढायचा, अशी ही रीत आहे.

पद्धत कोणतीही असो, तापमान स्थिर नसेल तर आकडे निरुपयोगी ठरतात. सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, मोलला 50 किलोज्यूल असलेल्या अभिक्रियेचा वेग 25 अंश सेल्सिअसच्या आसपास दर अंशाला सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो आणि 32 अंशांना दीडपटीच्या वर जातो. पुस्तकांतले वेगस्थिरांक बहुधा 25 अंशांचे असतात. रत्नागिरी-मालवणच्या किनारपट्टीवर मे महिन्याच्या दुपारी प्रयोगशाळेतले नळाचे पाणीच त्याहून कोमट असते. साध्या वॉटर बाथला पाणी तापवता येते, गार करता येत नाही. त्यामुळे बर्फ टाकत 25 अंश कसेबसे राखण्यापेक्षा सरळ 35 अंशांना प्रयोग करून तसे नोंदवणे अधिक प्रामाणिक.

जुनी आणि हात बसवणारी पद्धत अनुमापनाची, म्हणजे माहीत असलेल्या संहतीचे द्रावण थेंबथेंब घालून नमुन्यातले आम्ल मोजण्याची. महाविद्यालयांत तिचे ठरलेले उदाहरण म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या उत्प्रेरणाने होणारे मेथिल ॲसिटेटचे जलीय अपघटन. आम्लात एस्टर मिसळले की घड्याळ सुरू होते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पिपेटने 5 मिलिलिटर मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात सोडतात, म्हणजे गारठ्याने आणि विरलतेने अभिक्रिया जवळजवळ थबकते. पिपेट अर्धी रिकामी होते तो क्षण त्या वाचनाची वेळ धरतात. मग फिनॉल्फ्थेलिन हे रंग बदलणारे दर्शक घालून सोडियम हायड्रॉक्साइडशी अनुमापन करतात. फिका गुलाबी रंग टिकला की ब्युरेट बंद करावी. रंग गडद होऊ दिला तर वाचन वाया गेले समजावे. अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचे शेवटचे वाचन मिळवण्यासाठी उरलेले मिश्रण घट्ट बूच लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात. या वाचनातून प्रत्येक वाचन वजा करून येणाऱ्या फरकाचा लॉगरिदम काळाविरुद्ध मांडला की सरळ रेषा मिळते, कारण पाणी विपुल असल्याने अभिक्रिया प्रथम कोटीची, म्हणजे वेग फक्त एस्टरच्या संहतीच्या प्रमाणात असल्यासारखी वागते. रेषा वाकली तर दोष बहुधा शेवटच्या वाचनात सापडतो.

वायू बाहेर पडत असेल तर त्याचे आकारमान किंवा भांड्याच्या वजनातली घट मोजतात. तिसऱ्यांच्या किंवा कालवांच्या शिंपल्या मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, आणि विरल आम्लात 1 ग्रॅम कार्बोनेटमधून सुमारे 0.44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. तीच शिंपली अखंड टाकली, फोडून टाकली आणि कुटून टाकली, तर पृष्ठफळाचा वेगावरचा परिणाम तीन वेगळ्या आलेखांत दिसतो. फेसाबरोबर आम्लाचे तुषार उडून वजन उगाच घटू नये म्हणून चंबूच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवतात आणि उकाडा कितीही असला तरी पंखा बंद ठेवतात. वायू पाण्यावर गोळा केला तर त्यातला काही पाण्यात विरघळतो. शिवाय वायूत मिसळलेल्या पाण्याच्या वाफेचा दाब (बाष्पदाब) वजा करावा लागतो, आणि 20 अंशांना सुमारे 17.5 मिलिमीटर पारा असलेला हा दाब 30 अंशांना 32 पर्यंत चढतो.

नमुना न काढता मिश्रणाचा भौतिक गुणधर्म पाहत राहणे अधिक सोयीचे. विल्हेल्मी यांनी 1850 मध्ये आम्लातील साखरेच्या अपघटनाचा वेग, ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश किती वळतो हे दाखवणाऱ्या ध्रुवणमापीने मोजला; उसाची साखर ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते आणि तिच्यापासून होणारे ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण डावीकडे. एथिल ॲसिटेटच्या साबणीकरणात (अल्कलीने होणाऱ्या अपघटनात) चपळ हायड्रॉक्साइड आयनाची जागा मंद ॲसिटेट आयन घेतो, म्हणून विद्युतवाहकता घटते. रंग बदलत असेल तर प्रकाशशोषण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लावतात: कोकमाच्या आगळाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो, आणि तापवल्यावर तो किती झपाट्याने उतरतो हे प्रकाशशोषणाच्या घटीवरून कळते. आगळ मात्र आधी गाळून नितळ केलेले हवे, नाहीतर गढूळपणाही रंग म्हणून मोजला जातो.

द्रावणे नीट मिसळून होण्यापूर्वीच उरकणाऱ्या अभिक्रियांना ही साधने पुरत नाहीत. हार्ट्रिज आणि रफ्टन यांनी 1923 मध्ये दोन द्रावणांचे प्रवाह एका नळीत जोराने सोडले. प्रवाह सेकंदाला 10 मीटर असेल, तर मिसळण्याच्या जागेपासून 1 सेंटिमीटर पुढे अभिक्रियेचे वय 1 मिलिसेकंद असते, म्हणजे अंतर मोजले की काळ मिळतो. त्याहून वेगवान अभिक्रियांसाठी आयगेन यांनी समतोलातल्या मिश्रणाला तापमानाचा एकाएकी धक्का देऊन ते पुन्हा कसे स्थिरावते ते पाहिले, तर नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाच्या झोताने अभिक्रिया सुरू केली. या तिघांना 1967 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे झेवैल यांनी लेझरच्या स्पंदांनी फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या एक हजार-लाख-कोटी भागापैकी एक अशा सूक्ष्म काळाच्या) मापात रासायनिक बंध तुटताना टिपला आणि त्यांना 1999 मध्ये नोबेल मिळाले.