‘बुलशिट डिटेक्टर’चा आवाज खरखरीत का आहे?

अनार्को-पंक (अराजकवादी विचारांचं पंक-रॉक संगीत) म्हणजे नुसती तोडफोड, आणि त्यातला ‘बुलशिट डिटेक्टर’ हा अल्बम म्हणजे धड वाजवता न येणाऱ्यांचा गोंगाट, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. दोन्ही समज चुकीचे आहेत.

हा संकलन-अल्बम १९८० साली ‘क्रॅस’ या इंग्लिश बँडने स्वतःच्या लेबलवर काढला. देशभरातली अनोळखी पोरं त्यांना घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट पाठवत. त्यातल्या निवडक गाण्यांवर स्टुडिओचा साज न चढवता ती जवळजवळ जशीच्या तशी तबकडीवर आली. म्हणजे ती खरखर निष्काळजीपणाची नव्हे, जाणूनबुजून ठेवलेली आहे. बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, महागडा स्टुडिओ तर नाहीच, हेच त्यांना दाखवायचं होतं. क्रॅसच्या रेकॉर्डवर ‘यापेक्षा जास्त पैसे देऊ नका’ असं छापलेलं असे, तेही याच विचारातून.

आणि तोडफोडीचं म्हणाल, तर क्रॅस उघडपणे शांततावादी होते. अण्वस्त्रांना विरोध, १९८२च्या फॉकलंड युद्धावर जळजळीत टीका, स्त्रियांवरच्या अत्याचाराबद्दल संताप. त्यांचा अराजकवाद म्हणजे कुणी कुणावर सत्ता गाजवू नये हा आग्रह. मराठीत ‘अराजक’ म्हटलं की डोळ्यांसमोर माजलेला गोंधळ येतो, म्हणून आपल्याकडे घोटाळा अधिकच होतो.

१९८२ साली आलेल्या ‘बुलशिट डिटेक्टर’च्या दुसऱ्या भागात चुम्बावाम्बा हा तेव्हा कुणालाच माहीत नसलेला बँड आहे. पंधरा वर्षांनी त्यांचं गाणं जगभर गाजलं. मला मात्र पहिला भागच जास्त भिडतो. हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐका: खरखरीमागे शब्द अगदी स्पष्ट आहेत.