जुन्या खोक्यावर युद्धाचं चित्र: 1940 च्या दशकातली पिनबॉल यंत्रं

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि पोलाद, तांबं, रबर लष्कराकडे वळलं. 1942 मध्ये करमणुकीच्या यंत्रांचं उत्पादन सरकारी हुकमानं थांबलं. पिनबॉल म्हणजे नाणं टाकून उतरत्या फळीवर गोळी सोडायची आणि गुण मिळवायचे असा यंत्रावरचा खेळ. त्याचे शिकागोतले कारखाने युद्धसाहित्य बनवू लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉल म्हणजे जुगार असं ठरवून छापे घातले. तिथली बंदी थेट 1976 मध्ये उठली.

इतर शहरांत गिऱ्हाईक होतं, नवं यंत्र मात्र मिळत नव्हतं. मग जुन्याच यंत्राचं रूप पालटायचं. खोकं, कॉइल (वीज जाताच चुंबक होणारी तारेची वेटोळी) आणि बरंचसं वायरिंग तेच, मागची उभी, चित्राची काच नवी, खेळाच्या फळीवर थोडे फेरफार. काचेवर विमानं आणि युद्धनौका आल्या, काहींवर जपान्यांना हिणवणारी ओंगळ चित्रंही. हॅरी विल्यम्स यांच्या कंपनीचं ‘फ्लॅट-टॉप’ हे विमानवाहू नौकेचं यंत्र अशाच रूपांतरातून आलं. म्हणून दुरुस्तीला बसताना काचेवरच्या नावाचा वायरिंगचा नकाशा शोधण्यापेक्षा मूळ यंत्र कोणतं ते आधी ओळखावं.

या यंत्रांना फ्लिपर, म्हणजे गोळी परत वर टोलवणारे छोटे दांडे, नाहीत. ते 1947 मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त आले. तोवर खेळाडूच्या हाती प्लंजर (गोळी सोडायचा स्प्रिंगचा दांडा) आणि खोक्याला बेताचा धक्का, एवढंच. गोळी बंपरच्या, म्हणजे फळीवरच्या अडथळ्याच्या, स्प्रिंगला धडकली की स्प्रिंगचं फळीखाली उतरलेलं टोक भोवतीच्या कड्याला टेकतं, सर्किट पुरं होतं, कॉइल स्टेपरचं, म्हणजे गुण मोजणाऱ्या भागाचं, दातेरी चाक एक दात पुढे ओढते आणि काचेमागे पुढच्या आकड्याचा दिवा लागतो.

बिघाड बहुधा या स्टेपरमध्येच असतो. जुनं तेल घट्ट होऊन चाक अडतं, गुण मधेच थांबतात किंवा शून्यावर परतत नाहीत. स्टेपर सुटा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावा. त्यावर आणखी तेल सोडलं तर धूळ बसून तोच त्रास परत येतो. चिकटलेल्या स्विचमुळे कॉइलचा प्रवाह चालूच राहतो आणि ती जळते. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नये, आधी तो स्विच शोधावा.

काचेचा रंग आतल्या बाजूनं असतो आणि दिव्यांच्या उष्णतेनं त्याचे पोपडे निघतात. ती बाजू ओल्या फडक्यानं कधीच पुसू नये. 44 क्रमांकाचे दिवे 6.3 व्होल्टला 0.25 अँपिअर घेतात, 47 क्रमांकाचे 0.15. 47 चे बसवले की उजेड किंचित कमी होतो, पण काच कमी तापते.