बहुसर्व्हर पासवर्ड प्रमाणीकरण

वापरकर्त्याचा पासवर्ड एकच, पण तो पडताळायला लागणारी गुप्त किल्ली दोन किंवा अधिक सर्व्हरांत वाटून ठेवलेली, अशी लॉगिनची पद्धत. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी सर्व्हर फुटले, तर चोरीच्या माहितीवरून निवांत बसून पासवर्ड शोधता येऊ नये, हा तिचा हेतू.

एकाच सर्व्हरवर पासवर्डांचे हॅश (पासवर्डापासून काढलेले, उलट न फिरवता येणारे ठसे) ठेवले की त्या फाइलची एक प्रत चोराला पुरते. लोक पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर, गावाचं नाव, पिनकोड ठेवतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, हिंगोली या शहरांचे पिनकोड ४३१ ने सुरू होतात. पुढच्या तीन अंकांच्या शक्यता उरतात फक्त १,०००. मोबाइल नंबर ६ ते ९ या अंकांनी सुरू होतो, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. एमडी५सारखा जलद हॅश आधुनिक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी वेळा काढतं, त्यामुळे हे नंबर काही सेकंदांत उघडे पडतात. सॉल्टमुळे, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळलेल्या वेगळ्या यादृच्छिक मजकुरामुळे, आधी तयार केलेली कोष्टकं निरुपयोगी होतात आणि बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या मुद्दाम संथ केलेल्या हॅशने चोराचा वेग कमी होतो. पण हजार शक्यता त्या हजारच राहतात.

किल्ली वाटण्याचं गणित आदी शमीर यांनी १९७९ साली मांडलं. पासवर्डासाठी अनेक सर्व्हर वापरण्याची पद्धत फोर्ड आणि कालिस्की यांनी २००० साली दिली. तिच्यात सगळे सर्व्हर चालू असावे लागत. २००२ साली मॅकेन्झी, श्रिम्प्टन आणि याकोबसन यांनी ठरावीक संख्येवर भागणारी रीत आणली. आजच्या रचना बहुधा आंधळ्या फलनावर (ओपीआरएफ) उभ्या असतात: सर्व्हर आपली किल्ली वापरून उत्तर काढतो, पण कशावर काढलं हे त्याला कळत नाही. त्याच्या एका सर्व्हरच्या रूपाचं प्रमाण वर्णन आरएफसी ९४९७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात (२०२३) आहे.

समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीचे तीन सर्व्हर नांदेड, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत आणि तिघांपैकी कोणतेही दोन पुरेसे आहेत. किल्ली ७, आणि सगळं गणित ११ ने भागून उरणाऱ्या बाकीत. ७ + ३क्ष या सूत्रात क्ष = १, २, ३ घातल्यावर नांदेडला १०, लातूरला २ आणि छत्रपती संभाजीनगरला ५ हे हिस्से मिळतात. नांदेडच्या हिश्शाची दुप्पट २०, त्यातून लातूरचे २ वजा, उरले १८, बाकी ७. एकट्या १० वरून मात्र ० ते १० पैकी कोणतीही किल्ली सारखीच शक्य असते. प्रत्यक्षात ११ च्या जागी सुमारे २५० बिटांची अविभाज्य संख्या असते, आणि किल्ली एका जागी जोडली जातच नाही.

लॉगिनच्या वेळी फोन पासवर्डापासून एका ठरलेल्या गणिती वक्रावरचा बिंदू काढतो, त्याला दर वेळी नव्या यादृच्छिक संख्येने गुणतो आणि हा ‘आंधळा’ बिंदू दोन सर्व्हरांना पाठवतो. रिस्ट्रेटो२५५ या अशा बिंदूंच्या प्रचलित गटात हा संदेश ३२ बाइटचा असतो. प्रत्येक सर्व्हर आपल्या हिश्शाने गुणून परत देतो. फोन उत्तरं वरच्यासारख्या सहगुणकांनी (एकाची दुप्पट, त्यातून दुसरं वजा) जोडतो, यादृच्छिक संख्या काढून टाकतो आणि हाती येणाऱ्या गुपितापासून प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी लॉगिन-किल्ली बनवतो. सर्व्हरला पासवर्ड दिसत नाही, जुळणारा हॅशही नाही.

थेट लॉगिन करून अंदाज लावणं यानेही थांबत नाही. तिथे मोजणीच कामाची. प्रत्येक सर्व्हर एका खात्यासाठी १० उत्तरं देत असेल, तर तिघांची मिळून ३०, म्हणजे बाहेरच्या माणसाला १५ अंदाज. एक सर्व्हर आधीच फुटला असेल, तर उरलेल्या दोघांच्या २० उत्तरांत २० अंदाज. ‘१० प्रयत्न’ असं लिहिणाऱ्याने हा हिशोब आधी करावा. किल्लीही प्रत्येक खात्याची वेगळीच हवी. सगळ्यांची एकच असेल, तर आंधळा बिंदू कोणाच्या खात्याचा आहे हे सर्व्हरला ओळखता येत नाही. एकाच्या नावावर दुसऱ्याचा पासवर्ड तपासला जातो आणि मोजणी फुकट जाते.

एका सर्व्हरने चुकीचं उत्तर दिलं, तर वापरकर्त्याला फक्त ‘पासवर्ड चुकला’ दिसतं. म्हणून उत्तरासोबत ते योग्य हिश्शाने काढल्याचा पुरावा मागावा आणि आलेला बिंदू गटातला आहे हे दोन्ही बाजूंनी तपासावं.

देवनागरी पासवर्डात आणखी एक खोच आहे. ‘पऱ्हाटी’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’ला हलन्त आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर फरक नाही, बाइट वेगळे. युनिकोडच्या एनएफसी रूपाने, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करण्याच्या नियमाने, हे एक होत नाहीत. तो नियम स्वतः लिहावा लागतो. मराठी आणि इंग्रजी अंकांचंही तसंच. हे सगळं फोनवरच, बिंदू काढण्याआधी करायचं, कारण पुढे सर्व्हरला काहीच दिसत नाही.

सगळ्यात मोठी चूक सांभाळणाऱ्या माणसांच्या बाबतीत होते. तिन्ही सर्व्हर एकाच यंत्रावर, एकाच अ‍ॅडमिनच्या पासवर्डाखाली असतील, तर गणिताचा काहीही उपयोग नाही. गावं वेगळी असली की वीज गेली, पूर आला किंवा १९९३ सारखा भूकंप झाला तरी दोन सर्व्हर चालू राहण्याची शक्यता वाढते. पण सुरक्षिततेसाठी माणसं आणि अधिकार वेगळे हवेत.

हिस्से ठरावीक काळाने बदलावेत. वरच्या उदाहरणात ४क्ष मिळवलं, तर नवे हिस्से ३, १० आणि ६ होतात. किल्ली तीच राहते, कारण ३ ची दुप्पट ६, त्यातून १० वजा केल्यावर उरतात उणे ४, आणि बाकी ७. नांदेडचा जुना १० आणि लातूरचा नवा १० जोडला, तर ७ ऐवजी १० येतात. म्हणजे वेगवेगळ्या वेळी चोरलेले हिस्से एकमेकांशी जुळत नाहीत. पण हा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा जुने हिस्से बॅकअपमधूनही पुसलेले असतात. एकाच कालखंडातले दोन हिस्से एका जुन्या हार्डडिस्कवर सापडले, तर किल्ली गेलीच. मग नवी किल्ली काढून प्रत्येकाला पुन्हा नोंदणी करायला लावण्यावाचून गत्यंतर नसतं.