धीट माणूस धीराचा असतोच असं नाही

धीट कोणाला म्हणतात हे सांगायला नको. भरल्या सभेत उभी राहून प्रश्न विचारणारी मुलगी धीट. पण ‘तिने धिटाईने निकालाची वाट पाहिली’ असं वाक्य दिसलं की लेखणी उचलून खोडावंसं वाटतं. वाट पाहायला धिटाई कशाला? तिथे हवा धीर.

मुळं वेगळी आहेत. धीट आला संस्कृत ‘धृष्ट’वरून, प्राकृत ‘धिट्ठ’मार्गे. हिंदीतला ‘ढीठ’ त्याचाच भाऊ आणि तिथे तो अजून दूषणच आहे. मराठीने त्याचं कौतुक केलं, तरी ‘एवढी धिटाई?’ या प्रश्नात जुना डंख उरलाय. ‘धीर’चा संबंध ‘धृ’शी, म्हणजे धरून ठेवण्याशी जोडतात. आपलं ‘धरणे’ही त्याच धातूचं.

खरा फरक इथे आहे. धिटाई पाऊल टाकताना लागते. धीर लागतो पाऊल टाकल्यावर, सगळं उलटं फिरू लागलं की. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात याची नेमकी व्याख्या केली आहे: ‘विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः’. मन ढळण्याचं कारण समोर असूनही ज्यांचं मन ढळत नाही, तेच धीर. यातला ‘सति’, म्हणजे ‘असताना’, फार मोलाचा. मन ढळवणारं कारण हजर असायलाच हवं. सगळं सुरळीत असताना शांत बसलेल्याला धीराचा म्हणणं ही शब्दाची नासाडी आहे. आणि या व्याख्येत निर्भयपणाची अट कुठेच नाही. पोटात गोळा आलेला माणूसही धीराचा असू शकतो.

शंका आली तर विरुद्धार्थी शब्द लावून पाहा. धीट नाही तो भित्रा किंवा बुजरा; धीर नाही तो अधीर, उतावळा. म्हणून धीट माणूस अधीर असू शकतो आणि बुजरी बाई कमालीची धीराची. क्रियापदंही साक्ष देतात: धीर धरतात, सुटतो, खचतो, दुसऱ्याला देताही येतो. ‘धिटाई दिली’ असं कोणी म्हणत नाही.

लिहितानाही हे कूळ दिसतं. ‘धीर’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ‘धीराने’ दीर्घच राहतं. ‘धीट’ तद्भव, म्हणजे रूप बदलून आलेला, म्हणून ‘धिटाला’, ‘धिटाई’ ऱ्हस्व. ‘धिराने’ लिहू नका.