कोविडच्या साथीत फ्लूची लस कशाला? मागची सगळी हकीकत

२०२० चा जून. मावशीला फ्लूची लस टोचायला घेऊन गेलो होतो. वय ७२, डायबेटिस जुना, आणि घराबाहेर पडायची तीन महिन्यांतली पहिलीच वेळ. लस आधी केमिस्टकडून आणायची होती, त्याने फ्रीजमधून छोटा खोका काढला, आईसपॅकला चिकटवून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि म्हणाला वाटेत कुठे थांबू नका. खोक्यावर ‘सदर्न हेमिस्फिअर २०२०’ असं छापलेलं. दवाखान्यात डॉक्टर पारदर्शक पडद्यामागे. मावशीने दोन प्रश्न विचारले. पहिला, "कोरोनावर लसच निघाली नाहीये ना, मग ही कसली टोचताय?" दुसरा जरा हळू आवाजात, "ही अंड्यातली असते म्हणे?" डॉक्टर हो म्हणाले. जी बाई केक आणला तरी आधी खोका उलटा करून हिरवा ठिपका बघते, तिने "औषधाला चालतं" म्हणून बाही वर केली!

पण हे दोन्ही प्रश्न आणि तो खोक्यावरचा शिक्का, या तिन्हींच्या मागे शंभर वर्षांची गोष्ट आहे.

सुरुवात १९१८ च्या फ्लूच्या साथीपासून करावी लागते आणि तीही मुंबईपासून. जूनमध्ये गोदीवर ड्युटी असलेले पोलिस शिपाई तापाने आडवे झाले, बघता बघता गिरण्या, ऑफिसं, चाळी. महापालिकेचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी लिहून ठेवलंय की हा आजार रात्रीच्या चोरासारखा आला. ती पहिली लाट तशी सौम्य. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी आली ती भयंकर होती, ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. देशभरात किती गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत जातात. आता गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, लस तेव्हाही होती! लंडनच्या लष्करी डॉक्टरांनी केलेली होती, अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रोझेनो यांची होती. फक्त त्या सगळ्या जंतूंच्या म्हणजे बॅक्टेरियाच्या होत्या, कारण फ्लू एका बॅक्टेरियामुळे होतो असंच बहुतेक जण धरून चालले होते. व्हायरस कोणी पाहिलाच नव्हता.

तो सापडला १९३३ मध्ये, लंडनच्या मिल हिलमधल्या प्रयोगशाळेत स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांना, आणि तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात. पुढे एक आजारी फेरेट तिथल्या एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि त्याला फ्लू झाला, म्हणजे पुरावा घरपोच. मग कळलं की हा व्हायरस कोंबडीच्या अंड्यात, पिल्लू वाढत असताना, झकास वाढतो. मावशीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे इथलं. आजही बहुतेक फ्लूच्या लसी अंड्यातच वाढवतात.

लस केली ती लढाईसाठी. पहिल्या महायुद्धात तापाने किती सैनिक गेले ते अमेरिकन लष्कर विसरलं नव्हतं, म्हणून थॉमस फ्रान्सिस आणि त्यांच्या हाताखालचे जोनास साल्क (हेच ते पुढे पोलिओवाले) यांना कामाला लावलं. १९४५ मध्ये सैनिकांना लस मिळाली, पुढच्या वर्षी सामान्य लोकांना. आणि १९४७ मध्ये तीच लस सपशेल आपटली, टोचून घेतलेले लोक न घेतलेल्यांइतकेच आजारी पडले. व्हायरसने रूप बदललं होतं. "मागच्या वर्षी घेतली की, परत कशाला" असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात ना, त्याचं उत्तर १९४७ मध्येच मिळालंय. यातूनच १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीच्या प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं, कुठे कुठला व्हायरस फिरतोय ते बघायचं आणि त्यावरून लसीत काय घालायचं ते ठरवायचं. म्हणजे दरवर्षीची ही ‘सीझनल’ लस मुळात साथीच्या धाकातूनच जन्मलेली आहे.

त्या लसीची खरी परीक्षा झाली १९५७ मध्ये. मॉरिस हिलमन नावाचे शास्त्रज्ञ, एप्रिलमध्ये पेपरात हाँगकाँगची बातमी वाचतात, दवाखान्यांपुढे रांगा, आयांच्या पाठीवर बांधलेली काचेसारखे डोळे झालेली मुलं. त्यांनी ओळखलं की हा नेहमीचा फ्लू नाही. एका आजारी नौसैनिकाने केलेल्या गुळण्यांचं पाणी मागवलं, त्यातून व्हायरस वेगळा केला, कंपन्यांना पाठवला. आणि एक फार व्यावहारिक निरोप दिला: हंगाम संपला म्हणून कोंबडे कापू नका! कारण लसीला लागतात फलित अंडी, कोंबडेच नसतील तर अंडी फलित होणार कशी. अमेरिकेत सुमारे ४ कोटी डोस तयार झाले. सगळ्यांना पुरले नाहीत, पण साथ चालू असताना लस बाजारात येऊ शकते हे दिसलं. १९६८ च्या हाँगकाँग फ्लूला मात्र उशीर झाला, लस हाताशी येईपर्यंत अमेरिकेतली लाट टोकाला पोचलेली.

मग १९७६, म्हणजे उलटा धडा. न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला. १९१८ परत येतंय असं म्हणून राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला लस द्यायचं जाहीर केलं, साधारण साडेचार कोटी लोकांनी घेतलीही. साथ आलीच नाही. आली ती गियाँ-बारेची (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) भीती, साधारण लाखात एक जास्तीची केस, आणि डिसेंबरमध्ये मोहीम गुंडाळली. लसीबद्दलची शंका लोकांच्या मनात बसली ती बसलीच.

२००९ तर आपल्या डोळ्यांसमोरचं. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहराचा नूरच बदलला. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, शाळा बंद, मास्क ब्लॅकने. स्कूटीवरच्या मुली आधीपासूनच तोंडाला स्कार्फ बांधायच्या, त्या ऑगस्टमध्ये पुरुषांनीही रुमाल बांधले. टॅमीफ्लू हा फ्लूच्या औषधाचा शब्द तेव्हा शेजारपाजारच्या आज्यांनाही पाठ झाला होता. सगळ्यांना लस हवी होती, आणि होती ती जुनी सीझनल, तिच्यात हा नवा व्हायरस नव्हताच. देशी लसी आल्या २०१० च्या जून-जुलैमध्ये, झायडसची टोचायची आणि पुण्याच्या सीरमची नाकात मारायची. १० ऑगस्ट २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

२००९ मध्येच कॅनडात एक वेगळाच घोळ झाला, आणि साथीत सीझनल लस घ्यावी की नाही यावर बोलताना तो वगळून चालत नाही. तिथल्या अभ्यासात दिसलं की आदल्या वर्षी सीझनल लस घेतलेल्यांना नवा फ्लू जरा जास्तच होतोय. काही प्रांतांनी ६५ वर्षांखालच्यांची सीझनल लस पुढे ढकलली, आधी स्वाइन फ्लूची देऊ म्हणाले. बाकीच्या देशांतल्या बऱ्याच अभ्यासांत तसं काही दिसलं नाही, वाद बरेच दिवस चालला. पण सावध लोक सावध का असतात त्याला असं काहीतरी कारण असतं, सगळेच येडे नसतात.

आणि तो २००९ च्या साथीचा व्हायरस, एच१एन१? तो गेला नाही, मुक्कामालाच राहिला. २०१० पासून दरवर्षीच्या लसीत त्याची हजेरी लागते. कालची साथ आजचा सीझन झाली.

आता २०२०. फ्लूची लस कोविडवर चालत नाही हे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते. मग कशाला? तर लक्षणं सारखी, ताप-खोकला म्हटलं की स्वॅब, रिपोर्ट येईस्तोवर सगळं घर कोंडलेलं, हॉस्पिटलात बेड नाहीत, त्यात फ्लूचे पेशंट कशाला वाढवा. ब्रिटनने पन्नाशीच्या पुढच्यांनाही फुकट द्यायचं ठरवलं, ३ कोटी लोक डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांनी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना द्याच म्हणून सांगितलं. २०२१ मध्ये कोविडची लस आली तसा नवा प्रश्न, दोन्हींत किती अंतर? आधी १४ दिवस सांगितलं, नंतर जगभरच एकत्र दिली तरी चालेल झालं.

आणि तो खोक्यावरचा ‘सदर्न हेमिस्फिअर’चा, म्हणजे दक्षिण गोलार्धाचा, शिक्का. लसीचा मेळ वर्षातून दोनदा ठरतो, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. नकाशावर आपण उत्तरेत, पण आपला फ्लू ऑस्ट्रेलियासारखा जून ते सप्टेंबर, पावसाबरोबर येतो (श्रीनगरचा मात्र थंडीत). म्हणून पावसाळ्याआधी दक्षिणेची लस घेतलेली बरी, आणि टोचल्यावर दोनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात, म्हणजे एप्रिल-मे बरा. आम्ही जूनमध्ये गेलो ते लॉकडाऊनमुळे.

पुढचं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मास्क, बंद शाळा, बंद विमानं यांनी २०२० मध्ये जगातला फ्लूच जवळजवळ गायब केला. फ्लूचा एक प्रकार, बी यामागाता, मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलाच नाही, शेवटी २०२३ मध्ये तज्ज्ञांनी तो लसीतून काढायला सांगितलं. चार प्रकारच्या व्हायरसांची लस परत तीनची. मावशी मात्र अजून केमिस्टला फोन करून सांगते, "ती चारवालीच ठेव हं माझ्यासाठी."