टेबल टेनिसचे नियम असे का आहेत?

सोलापुरात शालेय जिल्हास्तरीय सामने सुरू झाले की हॉलच्या कडेला बसलेल्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पोराने सर्व्हिस केली, बॉल टेबलावर पडला, समोरच्याला परतवता आला नाही, तरी अंपायरने पॉइंट समोरच्याला कसा दिला? बॉल पुरेसा उंच उडवला नव्हता, हे त्याचं थोडक्यात उत्तर. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. या खेळाच्या नियमांमागे बहुतेक वेळा कुणीतरी हुशार खेळाडूने शोधलेली पळवाट असते. ती पळवाट कळली की नियम पाठ करावा लागत नाही.

खेळाचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधला. श्रीमंत घरांतून रात्रीच्या जेवणानंतर जेवणाच्याच टेबलावर तो खेळला जाई. १९०० च्या आसपास सेल्युलॉइडचा हलका बॉल आला आणि पाठोपाठ बॅटवर दाणेदार रबर चढलं. तिथून खरा खेळ सुरू झाला. १९२६ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

टेबलाची मापं विचित्र वाटतात: लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर, उंची ७६ सेंटिमीटर. फुटांत मोजलं की कोडं सुटतं. नऊ फूट, पाच फूट, अडीच फूट. नेट १५.२५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच. हे नेट पूर्वी पावणेसात इंच होतं. उंच नेटमुळे हल्ला करणं अवघड, म्हणून खेळाडू नुसता बॉल ढकलत राहत. १९३६ च्या प्राग स्पर्धेत पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांच्यात एकच पॉइंट दोन तासांहून जास्त चालला. प्रेक्षक कंटाळले, महासंघ हादरला. नेट खाली आलं आणि वेळेचं बंधनही आलं. आजच्या नियमानुसार दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून अठरा पॉइंटही झाले नसतील, तर दोघे आलटून पालटून एकेक सर्व्हिस करतात. सर्व्हिस घेणाऱ्याने तेरा वेळा बॉल परतवला की पॉइंट त्याचा. मग सर्व्हिस करणाऱ्याला हल्ला करावाच लागतो.

सर्व्हिसचा नियम सगळ्यात जास्त वेळा बदलला, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९३० च्या दशकात काही अमेरिकन खेळाडू बोटांनी चिमटीत पिळून बॉलला फिरकी देत. समोरच्याला तो कुठे वळेल हे कळेना. त्यावर उपाय म्हणून बॉल उघड्या, सपाट तळहातावर ठेवायचा असं ठरलं. हातातूनच मारायची सोय राहू नये म्हणून तो किमान १६ सेंटिमीटर, जवळजवळ सरळ वर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. पुढे खेळाडू मोकळा हात किंवा खांदा मध्ये आणून बॅटचा स्पर्श झाकू लागले. २००२ पासून तेही बंद झालं. सर्व्हिस सुरू झाल्यापासून बॅट लागेपर्यंत बॉल समोरच्याला दिसलाच पाहिजे. मोकळा हात चटकन बाजूला घ्यायची सवय लहानपणीच लागली नाही, तर पुढे ती लावणं फार जड जातं. आपल्याकडच्या मुलांचे फुकटचे पॉइंट जातात ते इथेच. सर्व्हिसचा बॉल नेटला लागून पलीकडे नीट पडला तर लेट, सर्व्हिस पुन्हा. "नेट लागलं की बे!" म्हणून भांडायची गरज नाही. रॅलीत मात्र नेट लागून बॉल पलीकडे पडला तर खेळ चालूच राहतो.

बॅटची गोष्ट आपल्या जवळची, कारण तिचं एक मोठं पान मुंबईत लिहिलं गेलं. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली पहिलीच. जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. दाणेदार रबराचा टकटक आवाज ऐकून बॉलचा वेग ओळखायची सगळ्यांना सवय होती. सातोहच्या बॅटमधून आवाजच येईना. तो जगज्जेता झाला. काही वर्षं वाद चालला आणि १९५९ साली नुसता स्पंज बाद झाला. स्पंजवर रबर चालेल, पण दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत.

नंतरची पळवाट रंगाची. एका बाजूला भरपूर फिरकी देणारं रबर, दुसऱ्या बाजूला अजिबात न देणारं, आणि दोन्हींचा रंग एकच. रॅलीत बॅट हळूच फिरवली की समोरचा फसलाच. कान देऊन फरक ओळखता येऊ नये म्हणून काही जण सर्व्हिस करताना जोरात पायही आपटत. १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल सक्तीची झाली.

१९८८ ला खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला आणि टीव्हीचा विचार सुरू झाला. २००० साली बॉल ३८ ऐवजी ४० मिलिमीटरचा झाला, म्हणजे किंचित संथ. २००१ साली गेम २१ वरून ११ वर आला आणि पाच-पाच सर्व्हिसऐवजी दोन-दोन. १०-१० झाल्यावर एकेक, आणि दोन पॉइंटची आघाडी घेईपर्यंत गेम चालतो. जुन्या खेळाडूंना एकवीसच्या गेमची हळहळ आजही वाटते. त्यात मागे पडलेल्याला सावरायला वेळ मिळे, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. अकराच्या गेममध्ये पहिले चार पॉइंट झोपेत घालवले की गेम गेलाच.

एक नियम सोलापूरकरांना वेगळा समजवावा लागत नाही. बॉलचं वजन २.७ ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर असतानाही सामना सुरू झाला की पंखे बंद करावे लागतात, कारण वाऱ्याच्या झोताने बॉल हवेतच सरकतो. खिडक्या लावलेल्या, मनगटावरून घाम ओघळतोय, आणि ओला बॉल रबरावर आला की फिरकी न घेता तसाच घसरून नेटमध्ये जातो. दर सहा पॉइंटनंतर टॉवेल घ्यायची परवानगी त्यासाठीच आहे. शेवटच्या गेममध्ये कुणाचेही पाच पॉइंट झाले की बाजू बदलतात, तेव्हाही टॉवेल घेता येतो. पोराच्या बॅगेत जादा टॉवेल टाकायला विसरू नका.

बॅट घेताना एवढं पाहा: २०२१ पासून लालऐवजी गुलाबी, जांभळं, हिरवं किंवा निळं रबर चालतं. दुसरी बाजू मात्र काळीच लागते, आणि रबरावर महासंघाच्या मान्यतेची खूण नसेल तर मोठ्या स्पर्धेत ती बॅट टेबलापर्यंत पोचत नाही.